दहावा माणूस : बेने इस्रायल जमातीतली सेवा आणि मोजदाद

मागच्या व्याख्यानात आपण कांटपाशी थांबलो होतो. माणूस चांगलं काम आवडीनं करतो तेव्हा त्याला नैतिक मोल किती, आणि आवड नसताना केवळ कर्तव्य म्हणून करतो तेव्हा किती, हा त्याचा प्रश्न. व्याख्यानानंतर चहाच्या वेळी तुमच्यापैकी एका गृहस्थांनी मला गाठलं आणि म्हणाले, "सर, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या मंडळात खुर्च्या लावायला माणूस मिळत नाही, त्याचं काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजचं व्याख्यान त्या खुर्च्यांबद्दलच आहे असं समजा.

त्यासाठी मी तुम्हाला साताऱ्याबाहेर नेणार आहे, पण फार लांब नाही. महाबळेश्वरचा घाट उतरून पोलादपूर-महाडकडून वर अलिबागकडे गेलं की जो मुलूख लागतो, तिथला एक समाज. बेने इस्रायल. आपल्याकडचे मराठी बोलणारे यहुदी. केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, नवगावकर, पेणकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं. गावाच्या नावाला 'कर' लावायची आपलीच रीत. कोकणात ते पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सणांची नावंही मराठी. योम किप्पूर हा त्यांच्या वर्षातला सर्वांत गंभीर उपवासाचा दिवस, त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण दारं लावून घरात बसायचं. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं-येणं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाचं नाव काय? 'बिरड्याचा रोजा'. वालाच्या बिरड्यावरून! प्रार्थनाघराला ते 'मशीद' म्हणत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं, त्याला आजही 'जुनी मशीद' म्हणतात.

आता मुद्दा. या समाजात परंपरेनं रब्बी नव्हते. म्हणजे धर्मशास्त्र शिकलेला, मानधन घेणारा, सगळ्यांच्या वतीनं धर्म सांभाळणारा असा माणूसच नाही. मग धर्म चालवला कुणी? जमातीनं. 'जमात' हा त्यांचाच शब्द. आणि जमातीतली पदं कोणती? पुढारी तो मुकादम. त्याचा मदतनीस चौगुला. हिशेब ठेवणारा गब्बाय, प्रार्थना म्हणणारा हझान, आणि दिवाबत्ती, झाडलोट, निरोप पोचवणं हे बघणारा शमाश. शेवटचे तीन शब्द हिब्रू, पण पहिले दोन ऐका. मुकादम, चौगुला. ही आपल्या गावगाड्यातली पदं आहेत. पाटलाच्या हाताखालचा चौगुला आपल्याकडच्या जुन्या कागदांत पानोपानी भेटतो. प्रार्थनाघराची व्यवस्था लावताना या लोकांनी शब्द उचलला तो गावकीतून. आणि शब्द उचलला की त्याच्या पाठोपाठ कल्पनाही येते.

गावकीत काम कसं वाटलेलं असतं? 'पाळी' असते आणि 'मान' असतो. पालखीला खांदा देण्याचा मान अमक्या घराचा, मशाल धरण्याचा तमक्याचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही ओझं वाहणारी माणसं. पण तो मान काढून घ्या बघू! भाऊबंद कोर्टात जातील. आपण 'स्वयंसेवक' म्हणतो तेव्हा वेगळंच चित्र असतं. मला वेळ आहे, मला वाटलं, म्हणून मी आलो. उद्या वाटलं नाही तर येणार नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला वेठ, म्हणजे सक्तीचं फुकट काम. वेठ आणि स्वयंसेवा यांच्या मधे ही 'मान' नावाची जागा आहे. ती आधुनिक भाषेत हरवल्यासारखी झाली आहे, आणि माझ्या मते ती फार महत्त्वाची आहे.

बेने इस्रायलांच्या सिनेगॉगमध्ये सणाच्या दिवशी हे डोळ्यांनी दिसतं. तोराची गुंडाळी ज्या कपाटात असते त्याचं दार उघडण्याचा मान, ती गुंडाळी हातात घेऊन चालण्याचा मान, यासाठी बोली लागते. बोलीचे पैसे जमातीच्या फंडात जातात. आपल्याकडे गणपतीच्या नारळाचा लिलाव होतो, तसंच. काम करायला मिळावं म्हणून माणूस पैसे मोजतो! अर्थशास्त्राच्या लोकांना हे कसं पचतं ते मला ठाऊक नाही, पण त्यात दिखावा असतो हे मीही नाकारत नाही. दिखाव्यानं दिवाबत्तीचं तेल येत असेल तर गब्बायची तक्रार नसते.

आता या 'मान' कल्पनेच्या तळाशी ज्यू परंपरेत काय आहे ते पाहू. तिथे धर्मकृत्याला 'मित्सवा' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'आज्ञा'. पण बोलीभाषेत 'चांगलं काम' या अर्थानंही तोच शब्द. आपल्याला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, आज्ञा पाळली तर त्यात चांगुलपणा कसला? दानाचंही तसंच. 'त्सेदाका' हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे. दयेपासून नव्हे. गरिबाला दिलं ते त्याचं होतं, ते त्याला पोचवलं, असा त्याचा रोख.

तालमूदमध्ये एक वचन आहे, रब्बी हनीना यांचं. सार असं, की आज्ञा असून जो करतो तो, आज्ञा नसताना करणाऱ्यापेक्षा मोठा. आपल्या अंतःप्रेरणेला हे उलटं वाटतं. न सांगता करणारा मोठा असायला हवा, नाही का? याला जोडून एक हकीकत येते. रव्ह योसेफ नावाचे एक मोठे विद्वान होते, ते अंध होते. अंध माणसाला आज्ञांचं बंधन नाही असं एका पंडिताचं मत होतं. रव्ह योसेफ आधी म्हणत, हेच मत खरं आहे असं मला कुणी सांगितलं तर मी सगळ्यांना मेजवानी देईन, कारण बंधन नसताना मी सगळं पाळतो आहे! मग त्यांनी हनीनांचं वचन ऐकलं. तेव्हापासून म्हणू लागले, ते मत खरं नाही, मलाही बंधन आहे, असं जो सांगेल त्याला मी मेजवानी देईन.

मंडळी, हे फार खोल आहे. या माणसाला सूट नको आहे. त्याला मोजलं जायला हवं आहे. 'तुम्ही नाही आलात तरी चालेल' हे वाक्य आपण म्हाताऱ्या माणसांना किती प्रेमानं सांगतो! मी सत्तरीच्या पुढे आलो आहे, मलाही घरी-दारी ऐकवलं जातं. त्यात प्रेम असतं, पण त्यात 'तुमच्यावाचून अडत नाही' हेही असतं. मध्ययुगातल्या भाष्यकारांनी हनीनांच्या वचनाचं कारण असं दिलं, की ज्याच्यावर बंधन आहे त्याला चुकण्याची धास्ती असते, आणि ज्याच्यावर नाही त्याला ती नसते, त्याला केव्हाही सोडता येतं. कांट असता तर मान डोलावली असती. अर्थात कांटची आज्ञा बुद्धी स्वतःच स्वतःला देते, आणि इथे ती ईश्वराकडून येते, हा फरक आहेच. पण जुन्या मशिदीची गोष्ट बघा. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन असा त्यांनी नवस केला आणि सुटल्यावर फेडला, असं समाजात सांगतात. नवस म्हणजे काय? कुणी सांगितलेलं नाही, पण एकदा बोललं की सुटका नाही. स्वतःच स्वतःवर घातलेलं बंधन. स्वेच्छेनं सुरू झालं आणि बंधन होऊन उभं राहिलं.

आता दहावा माणूस. ज्यूंची सामूहिक प्रार्थना सुरू व्हायला दहा प्रौढ पुरुष लागतात. प्रौढ म्हणजे तेरा वर्षं पूर्ण झालेला. या दहांच्या गटाला 'मिनयान' म्हणतात. नऊ विद्वान असले तरी चालत नाही, दहा अडाणी असले तर चालतं. हे दहा आले कुठून? तालमूदनं ते ज्या कथेतून काढलं ती मजेची आहे. मोशेनं बारा हेर कनान देशात पाठवले. त्यातले दोघं धीराचे निघाले, उरलेल्या दहांनी येऊन लोकांना घाबरवलं. शास्त्रात त्या दहांना 'जमात' म्हटलं आहे. म्हणून जमात म्हणजे दहा. बघा, सज्जनांचा दाखला देता आला असता, दिला तो भित्र्या, कुरकुऱ्या माणसांचा! जमात व्हायला माणूस थोर असावा लागत नाही, हजर असावा लागतो.

पण हे हजर असणं कशासाठी, याचा खरा कस मृत्यूच्या वेळी लागतो. वडील गेले की मुलगा अकरा महिने 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणतो. गंमत म्हणजे तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही, ईश्वराचं स्तवन आहे. ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा जण लागतात, 'आमेन' म्हणायला. म्हणजे ज्याच्या घरी दुःख आहे तो दुसऱ्या नऊ जणांवर अवलंबून. ते नऊ सकाळी उठून आले नाहीत, तर याचे शब्द याच्या तोंडातच राहतात. त्या नऊंपैकी एखाद्याला याचा बाप आवडतही नसेल, त्यांचं जमिनीवरून भांडण असेल. तरी तो येतो, कारण उद्या त्याच्या घरी हीच वेळ आहे. आपल्याकडे मर्तिकाला अबोला धरलेला भाऊबंदही खांदा द्यायला येतो, ते आठवा.

मृतदेहाला स्नान घालणं, कफन शिवणं, दफन करणं, हेही त्या परंपरेत धंदेवाईकांचं काम नाही, जमातीच्या माणसांनी करायचं. याला ते 'खरी दया' म्हणतात. याकोबानं योसेफाला सांगितलं होतं, माझ्यावर खरी दया कर आणि मला मिसरात पुरू नकोस. रशी या टीकाकारानं अर्थ लावला, मेलेल्यावर केलेली दया ती खरी, कारण परतफेडीची आशाच नसते. मी थोडी भर घालतो. परतफेड मृताकडून होत नाही, पण जमातीकडून होते. आज मी ज्याला न्हाऊ घातलं तो मला घालणार नाही, पण कुणीतरी घालेल. भरवसा आहे तो व्यक्तीवर नाही, आकड्यावर आहे.

आणि नेमका आकडाच घसरला. स्वातंत्र्याच्या सुमाराला बेने इस्रायल साधारण २०,००० होते. १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे त्यांनी घरं केली. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं, हे आपल्याला कौतुकानं माहीत असतं. पण मागे राहिलेल्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून ज्यू ४,५०० च्या आत. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, अलिबागचं १८४८ चं, पनवेलचं १८४९ चं. इमारती उभ्या आहेत. पण दर शनिवारी दहा जण कुठून आणायचे? कोकणातल्या एखाद्या सिनेगॉगमध्ये आठ जण जमले तर बाकीच्या दोघांसाठी वाट बघायची, फोन करायचे, कुणाचा मुलगा सुट्टीला आला आहे का बघायचं. आणि अशा ठिकाणी जो दहावा येतो, त्याच्या येण्यानं खोलीतल्या नऊ माणसांची जमात होते. एरवी ते नऊ जण असतात, इतकंच.

इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. कोण मोजला जायचा यावर भांडणं झाली आहेत. बगदादहून आलेले श्रीमंत व्यापारी, ससून वगैरे मंडळी, यांच्यातल्या काहींना बेने इस्रायल पुरेसे शुद्ध ज्यू वाटत नसत. १८३६ साली त्यांच्यातल्या काहींनी सरकारकडे अर्ज केला, की मुंबईच्या दफनभूमीत मधे भिंत घालून द्या. मेल्यावरही शेजार नको! पुढे बगदादी कुटुंबं इंग्लंडला, इतरत्र निघून गेली. आज मुंबईत त्यांनी बांधलेल्या सिनेगॉगमध्ये जे दहा जण जमतात त्यात बहुतेक बेने इस्रायल असतात. ज्यांना मोजायचं नव्हतं त्यांनीच आकडा भरला.

आणि बायका? मलिदा करतं कोण? मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं होणारा विधी. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, आणि भोवती फळं मांडलेलं ताट. घर घेतलं, लग्न ठरलं, आजारातून उठलं की मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक जागा आहे, एलियाहूच्या रथाच्या खुणा तिथल्या खडकावर आहेत असं मानतात, तिथेही नवस फेडायला लोक जातात. नारळ खोवण्यापासून ताटं मांडण्यापर्यंतचं काम बहुतेक बायकांचं. कीर्तनाचीही परंपरा आहे. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल मंडळींनी योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठीत कीर्तनं सुरू केली, साकी-दिंडीसकट. पुढे ती परंपरा महिला मंडळांनी बऱ्याच अंशी टिकवली. म्हणजे कामात बायका पुढे, आणि मोजायची वेळ आली की नाहीत. सनातनी पद्धतीत आजही मिनयानमध्ये स्त्री धरली जात नाही. १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारक विचारांची संस्था निघाली, तिच्या पुढाकारात डॉ. जेरुशा झिराड होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञ, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, पुढे पद्मश्री. सुधारक पंथात स्त्रीला मोजतात. मला स्वतःला हा प्रश्न तात्त्विकदृष्ट्या सुटलेला वाटतो. बंधन आणि मोजदाद या एकाच नाण्याच्या बाजू असतील, तर कामाचं बंधन जिच्यावर आहे तिला आकड्यातून वगळता येत नाही. पण मी त्या जमातीचा नाही, निर्णय त्यांचा.

रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडाची आठवण इथे अनेकांना असेल. घरटी मूठभर धान्य. भाऊराव पाटलांना धान्य हवं होतं हे खरंच, वसतिगृहातल्या मुलांना जेवायला घालायचं होतं. पण एका सावकारानं पोत्यानं धान्य दिलं असतं तर? पोट भरलं असतं, पण जिनं मूठ काढून ठेवली तिची ती शाळा झाली नसती. दहाव्या माणसाचं तसंच आहे. त्याची मूठ दुसऱ्या कुणाला भरता येत नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली : "माणसं मिळत नसतील तर पैसे देऊन दहावा माणूस आणला तर चालेल का? मग ती सेवा राहते का?" उत्तम प्रश्न. आणि तो दोन हजार वर्षं जुना आहे! साधारण इ. स. २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात मोठ्या गावाची व्याख्या दिली आहे. मोठं गाव कोणतं? बाजार असलेलं नाही, वेस असलेलं नाही. जिथे दहा 'बटलानीम' आहेत ते. बटलान म्हणजे शब्दशः रिकामा माणूस! प्रार्थनेच्या वेळी हाक मारली की हजर, कामधंद्यात अडकलेला नाही. अशांना जमातीनं पोसायचं, असं नंतरच्या भाष्यकारांनी म्हटलं आहे. म्हणजे पैसे देणं त्यांना निषिद्ध वाटलं नाही. वेळ मोकळा ठेवायलाही खर्च येतो, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडे मात्र आपण गृहीत धरतो, की सेवा करणाऱ्याच्या घरची चूल आपोआप पेटते. मानधन दिलं म्हणून सेवा बाटत नाही. अमेरिकेतून ज्यू तरुण वर्षभरासाठी मुंबईत जमातीचं काम करायला येतात, त्यांचा खर्चही संस्था करते. फरक एवढाच, की वर्ष संपलं की ते परत जातात, आणि शनिवार पुन्हा येतो.

दुसरी चिठ्ठी : "आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला काही करता येईल का?" दहावा म्हणून नाही. तुमचा सद्भाव कितीही असला तरी आकड्यात तुम्ही धरले जाणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये. बाकी पुष्कळ आहे. कोलकात्याच्या सिनेगॉगची देखभाल ओडिशातून आलेल्या मुसलमान कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या केली आहे. राखणदारीला धर्म आडवा आला नाही. कोकणातल्या जुन्या दफनभूमींमध्ये दगडांवर मराठी आणि हिब्रू शेजारी-शेजारी कोरलेलं आहे, त्यांची नीट नोंद व्हायला हवी. कॉलेजची मुलं, परवानगी घेऊन, ते करू शकतात. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीवला. अशा गोष्टी मराठीत आणण्याचं काम पडलेलं आहे.

आणि पाहायचंच असेल, तर साताऱ्याहून जवळ पुणं. कॅम्पातलं लाल देऊळ डेव्हिड ससूननं सुरू केलेलं, १८६७ ला पूर्ण झालेलं, शेजारी त्याची कबर. रास्ता पेठेत बेने इस्रायलांचं सुक्कथ शेलोमो, १९२१ चं. आधी विचारून जा, ओळखपत्र बरोबर ठेवा, २००८ नंतर सुरक्षा कडक आहे. डोक्यावर टोपी किंवा रुमाल असू द्या. शनिवारी बोलावणं आलं तर फोटो काढू नका, मोबाईल खिशातच राहू द्या. प्रार्थना वेळेवर सुरू झाली नाही, लोक दाराकडे बघत नुसते बसले आहेत असं दिसलं, तर चुळबुळ करू नका. ते मोजत असतात.